उरलेला खवला

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर खुर्च्या कमी पडल्या, म्हणून निम्मी मुलं जमिनीवर बसली होती. ग्रंथपालांनी 'तळराज्य' मालिकेच्या सहाव्या भागातलं एक प्रकरण मोठ्याने वाचून दाखवलं. लेखिका शेजारी बसून ऐकत होत्या. स्वतःचं छापील पुस्तक त्या कधी उघडत नसत. पहिल्या भागाच्या पहिल्याच पानावर छपाईची चूक दिसली होती, तेव्हाच त्यांनी कानाला खडा लावला होता. प्रकाशकापासून पहारेकऱ्यापर्यंत सगळे त्यांना बाई म्हणत, आणि बाईंची ही खोड सगळ्यांना ठाऊक होती.

वाचन संपलं आणि प्रश्न सुरू झाले. गोष्टी कशा सुचतात, गोष्टीतली भिंगरी खरी आहे का, शेवटचा भाग कधी येणार. याची उत्तरं बाईंना तोंडपाठ होती. मग दुसऱ्या रांगेतली एक चष्मेवाली मुलगी उठली. तिने सांगितलं की तिच्या दोन शंका आहेत आणि दोन्ही पैशांच्या आहेत. मागे उभे असलेले पालक हसले.

पहिल्या भागात भिंगरीच्या बाबांनी आपली नाव विकली, तेव्हा त्यांना तीन शिंपले मिळाले होते. पाचव्या भागात भिंगरीने जोडे घेतले ते पाच शिंपल्यांना. मग नावेपेक्षा जोडे महाग कसे, ही पहिली शंका. दुसरी त्याहून साधी होती. एका शिंपल्याचे सुटे खवले किती? पहिल्या भागात वीस लिहिलेत आणि चौथ्या भागात दहा.

"महागाई गं बाळा," बाई म्हणाल्या. "जादूच्या राज्यातसुद्धा ती कुणाला सोडत नाही."

हशा पिकला. मुलगी मात्र हसली नाही. "पण महागाई झाली तर लोक आणखी गरीब व्हायला पाहिजेत ना," ती खाली बसता बसता म्हणाली. "ते तर आहेत तसेच आहेत."

पुढचा प्रश्न कोणी विचारला, काय विचारला, ते बाईंच्या कानापर्यंत पोहोचलंच नाही. वीस नाही आणि दहाही नाही. शिंपल्याचे खवले एकोणीस. ते एकोणीसच असायला हवे होते, कारण अख्खी मालिका त्या एका आकड्यावर उभी होती.

एकोणीस त्यांनी मुद्दाम निवडले होते. दोघांत वाटा, तिघांत वाटा, पाचांत वाटा, सारखी वाटणी होतच नाही, काही ना काही उरतंच. आणि तळराज्याचा कायदा असा की वाटणीत उरेल ते घाटावरच्या जादूगाराच्या रांजणात टाकायचं. एका वेळी दोन-चार खवलेच जातात, म्हणून कुणाला टोचत नाही. पिढ्यान्‌पिढ्या लोक राबतात, पिढ्यान्‌पिढ्या गरीब राहतात आणि रांजण मात्र भरत जातो. जादूगाराची सगळी जादू म्हणजे हा उरलेला खवला. शेवटच्या भागात भिंगरीच्या ते लक्षात येतं. ती घाटावरची एकोणीस घरं एकत्र आणते, सगळ्यांची कमाई एका पिशवीत घालते, आणि पहिल्यांदाच वाटणी निःशेष होते. रांजण रिकामा राहतो.

हा शेवट बाईंनी पहिला भाग लिहिण्याआधीच ठरवून ठेवला होता. आता तो लिहून होत आला होता, दोन प्रकरणं तेवढी राहिली होती, आणि प्रकाशकाचा तगादा सुरू होता. पण पुस्तकांत वीस छापलं असेल तर शेवट उभाच राहत नव्हता. वीस खवले चौघांत वाटले तर काहीच उरत नाही. मग जादूगार श्रीमंत झाला तरी कशावर?

घरी आल्यावर बाईंनी चपला काढायच्या आधी कपाट उघडलं. सहाही भाग प्रकाशकाकडून आले तसे कागदात गुंडाळलेले होते. त्यांनी एकेकाचा कागद फाडला. पहिल्या भागात वीस. दुसऱ्या, तिसऱ्यात वीस. चौथ्यात आणि पाचव्यात दहा. सहाव्या भागात एक म्हातारा कोळी भिंगरीला सांगत होता, "पोरी, एका शिंपल्याचे पुष्कळ खवले येतात."

पुष्कळ. बाईंनी ते वाक्य तीनदा वाचलं. आपण असं लिहू? हाताने लिहिलेली पानं मागवून पाहावीत तर तीही सोय नव्हती. घरात पसारा नको म्हणून छपाईनंतर ती रद्दीत टाका, असं त्यांनीच सांगून ठेवलं होतं. शेवटची प्रुफंही त्या न वाचता सही करून परत पाठवत.

मग त्यांनी पाचव्या भागातलं जोड्यांचं पान काढलं. बाजार, जोड्यांचं दुकान, दुकानदाराचं लाडीगोडीचं बोलणं, भिंगरी पाच शिंपले मोजून देते आणि नवे जोडे करकरवत निघून जाते. दीड पान होतं. चांगलं लिहिलेलं होतं. आणि ते आपण लिहिल्याचं बाईंना काही केल्या आठवेना. परक्याचं पत्र चुकून उघडल्यासारखं त्यांना वाटलं.

त्यांना आई आठवली ती इथे.

बाईंच्या आईचं विसरणं पैशांपासूनच सुरू झालं होतं. नावं, चेहरे, रस्ते हे सगळं पुढे गेलं. सगळ्यात आधी गेली ती किंमत. दूधवाल्याला एकाच दिवसाचे पैसे दोनदा दिले गेले. टॅक्सीवाल्याला मोठी नोट देऊन ती सुटे न घेता उतरून गेली. मग दुकानात पाकीट उघडून समोर धरायची आणि म्हणायची, तूच घे बाबा काय ते. लोकांना वाटायचं, किती विश्वास टाकते ही. घरातल्यांनाही तसंच वाटत राहिलं, आणि कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. त्या वेळी आईचं वय जेवढं होतं, तेवढंच आज बाईंचं होतं.

लेक संध्याकाळी कामावरून आली, तेव्हा फाटलेल्या कागदांचा ढीग जमिनीवर होता आणि आई पुस्तकांच्या मध्ये बसली होती. बाईंनी तिला सगळं सांगितलं, फक्त आजीचं नाव काढलं नाही. लेकीनेही काढलं नाही. सहा पुस्तकं म्हटल्यावर एवढं तेवढं व्हायचंच, तू उगाच जिवाला लावून घेतेस, असं ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने आतून तिने सहज विचारावं तसं विचारलं, "आई, कालची भाजी केवढ्याची झाली गं?"

बाईंनी आकडा सांगितला. तो बरोबर होता, त्यांची खात्री होती. पण त्यांना टोचला तो प्रश्न. स्वयंपाकघरातून, पाठ फिरवून, अगदी याच आवाजात त्यांनी हा प्रश्न एकेकाळी स्वतःच्या आईला विचारला होता. तो भाजीबद्दल कधीच नसतो.

जेवताना दोघी इतर गोष्टी बोलल्या. लेकीने गाडीच्या दुरुस्तीची गोष्ट रंगवून सांगितली आणि बाई हसल्याही. मनात मात्र त्यांनी ठरवून टाकलं होतं. हे जर आपल्या डोक्याचं असेल, तर शेवटचा भाग द्यायचा नाही. पोरांना वीस वर्षं तंगवून शेवटी फुसका शेवट द्यायचा, आणि तो फुसका आहे हे आपल्याला कळूही नये, यापेक्षा गोष्ट अर्धी राहिलेली बरी. पण आधी खात्री करायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या प्रकाशकाच्या कचेरीत गेल्या, पण प्रकाशकाकडे नाही. जिन्याखालच्या अरुंद खोलीत मुद्रितशोधक बसत. या कामावर येण्याआधी ते प्राथमिक शाळेत शिकवायचे, म्हणून त्यांना सगळे मास्तर म्हणत. मालिकेचे सहाही भाग त्यांच्या हाताखालून गेले होते. टेबलावर प्रुफांची चळत, तासून ठेवलेल्या पेन्सिली आणि खिडकीच्या कट्ट्यावर चहाचा गार झालेला कप. बाई इतक्या वर्षांत या खोलीत कधी आल्या नव्हत्या. मास्तर गडबडून उठले आणि एकुलत्या पाहुण्या खुर्चीवरचे गठ्ठे उचलायला लागले.

बाईंनी आडवळणाने विचारायचं ठरवलं होतं, पण तोंडातून सरळच आलं. "मास्तर, मी शिंपल्याचे खवले किती लिहायचे?"

"एकोणीस," मास्तर म्हणाले.

बाई धपकन खुर्चीत बसल्या.

मास्तरांना त्यात विशेष काही वाटलं नाही. ते उत्साहाने सांगू लागले. एकोणीस म्हणजे मुलांच्या वाटेतला दगड, हे त्यांनी शाळेत पुरेपूर पाहिलं होतं. एकोणीस, एकोणसाठ, एकोणऐंशी. 'एकोण' आलं की चांगलं धावत वाचणारं मूल थबकतं, बोटं मोजायला लागतं, वाक्य हातातून सुटतं आणि पुस्तक मिटतं. म्हणून या कचेरीत त्यांनीच शिस्त घालून दिली होती की मुलांच्या पुस्तकात अवघड आकडा आला तर जवळचा सोपा आकडा घालायचा. एकोणीसचे वीस केले. चौथ्या भागापासून प्रकाशकांनी आणखी लहान मुलं धरायची ठरवली, म्हणून दहा. आणि सहाव्या भागात ते वाक्य म्हाताऱ्या कोळ्याच्या तोंडी होतं, म्हाताऱ्या माणसाला नेमका आकडा शोभत नाही, म्हणून पुष्कळ.

"एकाही पालकाची तक्रार नाही," मास्तर अभिमानाने म्हणाले.

बाईंना हसावं की त्यांच्या डोक्यात ती चळत घालावी, तेच कळेना. छातीवरचं ओझं उतरलं होतं आणि रागही येत होता, पण आधी उतरलेलं ओझंच जाणवत होतं. त्यांनी विचारलं, तुम्हाला सहा भागांत एकदाही वाटलं नाही की वीस आणि दहा जुळत नाहीत? मास्तर गोंधळले. त्यांनी खरं ते सांगितलं. ते वाक्य वाचत, गोष्ट वाचत नसत. गोष्टीत शिरलं की चुका निसटतात, हा त्यांचा अनुभव होता. एक भाग संपला की तो विसरून पुढचं काम हातात घ्यायचं.

मग बाईंनी त्यांना उरलेल्या खवल्याचं सांगितलं. रांजण, जादूगार, एकोणीस घरं, सगळं. मास्तर ऐकत गेले तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. मध्येच त्यांनी पेन्सिल उचलून प्रुफाच्या कोपऱ्यात भागाकार करून पाहिला, दोनने, तीनने, पाचने. मग पेन्सिल खाली ठेवली.

"म्हणजे तो रांजण मीच रिकामा केला," ते म्हणाले.

"भिंगरीच्या आधी," बाई म्हणाल्या.

दोघंही हसले. मास्तरांनी मग कामाचं बोलणं काढलं. सगळ्या भागांच्या नव्या आवृत्त्या निघायच्याच होत्या. त्यांत एकोणीस परत घालता येईल, प्रकाशकांना ते स्वतः सांगतील. शेवटच्या भागात एकाही आकड्याला हात लावणार नाहीत. मुलं अडखळतील, असं त्यांनी एकदा पुटपुटून पाहिलं. अडखळू देत, बाई म्हणाल्या, अडखळली तरच त्यांना तो आकडा लक्षात राहील.

बाई उठल्या. पर्स खांद्याला लावली. दाराशी गेल्यावर त्यांनी, आता नुसती राहिलेली बाब पुरी करावी तशी, आणखी एक गोष्ट विचारली. नावेचे तीन आणि जोड्यांचे पाच. त्यातला कुठला आकडा मास्तरांनी बदलला होता?

मास्तरांनी जरा आठवून पाहिलं. "कुठलाच नाही. तीन आणि पाच कुणालाही वाचता येतात. त्यांना कशाला हात लावू?"

"जोड्यांचं अख्खं पान?"

"तुमचंच. अक्षर तुमचंच होतं. जरा घाईचं होतं, एवढंच." मग त्यांनी मलमपट्टी केल्यासारखं म्हटलं, की त्यांनाही क्षणभर वाटलं होतं, नाव फारच स्वस्तात गेली. पण किंमत लेखकाची, तिच्यात आपण पडायचं नाही.

बाई परत येऊन खुर्चीवर बसल्या.

त्यांचं डोकं लगेच कामाला लागलं होतं, आणि त्याचीच त्यांना धास्ती वाटत होती. कारण सापडायला वेळ लागला नव्हता. नाव स्वस्तात गेली, कारण घेणाऱ्याला दिसत होतं की नावाड्याच्या घरी आजारपण आहे आणि तो नाही म्हणू शकत नाही. जोडे महाग गेले, कारण तोवर भिंगरीच्या पिशवीचा आवाज बाजारभर झाला होता. गरजवंताची वस्तू मातीमोलाने जाते आणि पैसेवाल्याला प्रत्येक गोष्ट चढ्या भावाने मिळते. यात चूक कुठे होती? उलट चष्मेवाल्या पोरीला द्यायला याहून चांगलं उत्तर नव्हतं. शेवटच्या भागात ते दोन ओळींत बसवताही आलं असतं.

पण हे त्यांना तेव्हा माहीत होतं का? की आत्ता, या खुर्चीत बसून, त्यांनी भोकावर ठिगळ लावलं होतं? की नावेचं पान लिहिताना त्यांच्या स्वतःच्या हातात पैसे नव्हते, आणि जोड्यांचं लिहिताना वस्तूची किंमत बघायची सवयच सुटली होती, एवढंच? तिन्ही गोष्टी खऱ्या असू शकत होत्या. लिहिणाऱ्याला ठिगळ लावताच यायला हवं, तोच त्याचा धंदा. त्यामुळे या धंद्यातल्या माणसाचं डोकं कधी फाटायला लागलं, हे त्याला स्वतःला सगळ्यात शेवटी कळणार.

मास्तर घाबरून विचारत होते, पाणी आणू का.

बाईंनी नको म्हणून मान हलवली आणि आपल्याला काय भीती वाटते ते त्यांना सरळ सांगून टाकलं, आईच्या सुट्या पैशांपासून कालच्या भाजीपर्यंत. लेकीशी जे बोलता आलं नव्हतं, ते या फारशा ओळखीच्या नसलेल्या माणसासमोर बोलता आलं. मास्तरांनी ऐकून घेतलं. तुम्हाला काही झालेलं नाही, असं काही म्हणाले नाहीत, आणि त्याबद्दल बाईंना त्यांचे आभार मानावेसे वाटले.

"मी शेवटचा भाग देते," बाई म्हणाल्या. "पण तुम्हाला एक काम करावं लागेल. या वेळी गोष्ट वाचायची. जिथे काही जुळत नाही असं वाटेल, तिथे मला फोन करून विचारायचं. मी काहीतरी उत्तर देईन, ते मला नेहमी येतं. ते लिहून ठेवायचं. आणि आठ-दहा दिवसांनी तोच प्रश्न परत विचारायचा, आधी विचारला होता हे न सांगता."

"आणि दुसरं उत्तर आलं तर?"

"एखाद्या वेळी आलं तर सोडून द्या. सारखं यायला लागलं, तर मला सांगू नका. माझ्या लेकीला सांगा."

मास्तर पेन्सिल बोटांत फिरवायला लागले. हे त्यांच्या कामात बसत नव्हतं आणि त्यांना ते आवडलंही नव्हतं, हे दिसत होतं. शेवटी त्यांनी एक कोरा कागद पुढे ओढला आणि लेकीचा नंबर विचारला.

बाईंनी पर्समधला फोन काढला नाही. त्यांनी नंबर आठवून सांगितला, एकेक आकडा सुटा. मास्तरांनी लिहून घेतला, परत वाचून दाखवला. बाई म्हणाल्या, बरोबर. मास्तर शिक्षक होते. त्यांचं तेवढ्याने समाधान झालं नाही. त्यांनी टेबलावरचा फोन उचलला, कागदात बघून नंबर लावला, आणि बाईंकडे पाहत, नुसतं ताडून बघतो, अशी खूण केली.

पलीकडे दुसऱ्याच घंटेला फोन उचलला गेला. मास्तरांनी आपण प्रकाशकांच्या कचेरीतून बोलतोय एवढं सांगितलं. पुढे त्यांना बोलायची संधीच मिळाली नाही. खोली लहान होती, त्यामुळे लेकीचा आवाज बाईंनाही स्पष्ट ऐकू आला.

"काय झालं? आई काही चुकीचं बोलली का? कुठे आहे ती?"

मास्तरांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी डोळ्यांनीच त्यांना सांगितलं, बोला.

"नाही, नाही," मास्तर म्हणाले. "त्या इथेच माझ्यासमोर बसल्या आहेत. आमचं काम चाललंय."